आधी लिहिलेले आभारगीत

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

तुझी चिठ्ठी काल पोचली. ऑपरेशन होईपर्यंत डॉक्टरांनी तुझे बोलणे पूर्ण बंद केले आहे, शेजारच्या खाटेवरच्या बाई सकाळपासून आपल्या सुनांची गाऱ्हाणी सांगत असतात आणि तुला नुसती मान हलवत राहावे लागते, हे मी मावशीला वाचून दाखवले. तिने शिवण बाजूला ठेवले आणि म्हणाली, "अगं बाई! म्हणजे जन्मात पहिल्यांदा ही कुणाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घेते आहे." मग ओवलेला दोरा सुईतून काढून पुन्हा ओवत राहिली.

तू लिहिलेस, "मास्तर, गाणं कसं तयार होतं ते लिही. वर्गात शिकवतोस तसं, पायरीपायरीनं. मला वेळ काढायचाय." आज्ञा शिरसावंद्य. भूमितीच्या शिक्षकाला आपणहून कुणी 'समजावून सांग' म्हणावे, असे भाग्य वारंवार येत नाही. यातले बरेचसे तुला माझ्याहून अधिक माहीत आहे. परंतु सिद्धता मांडताना माहीत असलेलेही लिहावे लागते.

आई गेली त्या संध्याकाळपासून सुरुवात करतो. बाबांच्या दुरुस्तीच्या खोलीत उघडी पडलेली शिलाई यंत्रे भिंतीला सरकवून मधे जागा केली होती, आणि चर्चच्या मंडळीतली माणसे दाटीवाटीने उभी राहून गात होती. मी बाबांच्या कामाच्या टेबलाखाली बसलो होतो; तिथून मला फक्त पाय दिसत. त्या गीताची तिसरी ओळ वर चढते. तिथे एकेकाचा आवाज फुटत गेला आणि शेवटी त्या ओळीवर तू एकटी उरलीस. तू तेव्हा शाळकरी पोर होतीस. तुझा आवाज वर गेला, आणि मी पाहिले, की त्या खोलीतल्या सगळ्या टाचा जमिनीवरून किंचित उचलल्या गेल्या आहेत. आवाज वर जातो तेव्हा माणसे त्याच्यामागे वर जाऊ पाहतात, हा संगीताचा माझा पहिला धडा. देवाविषयीचाही तोच पहिला.

दुसरा धडा पायपेटीचा. पेटीचे पायटे हलवायला तुला कंटाळा येई, म्हणून तू मला खाली बसवायचीस; मी हातांनी भाता मारायचो आणि तू वर वाजवायचीस. सूर मला नंतर कळले, श्वास आधी कळला. आजही मी शब्दांच्या आधी श्वास ठरवतो: एका दमात माणूस किती म्हणेल, कुठे थांबेल, थांबल्यावर त्याला पुन्हा सुरुवात करावीशी का वाटेल.

तिसरा धडा तू हसून ऐकलेला आहेस. प्रमेये पाठ होईनात म्हणून मी वर्गाला त्यांच्या चाली लावून दिल्या, आणि एका रविवारी उपासना सुटल्यावर आमची पोरे अंगणात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तारस्वरात गात हिंडत होती. पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतले. मला वाटले, आता कान उपटतात. ते म्हणाले, "त्रिकोणासाठी एवढं करतोस, तर त्रिकोण ज्यानं केला त्याच्यासाठी काही का करत नाहीस?" त्या आठवड्यात मी पहिले गीत लिहिले, आणि ते तू गायलीस.

साचा अजूनही प्रमेयाचाच आहे. पक्ष म्हणजे गाणारा माणूस आज कुठे उभा आहे. साध्य म्हणजे त्याला कुठे पोचायचे आहे. सिद्धता म्हणजे मधली वाट. पहिली ओळ मी बोलण्याच्या उंचीवर ठेवतो, दुसरी तिच्या खांद्यावर उभी करतो, तिसरीत सूर वर नेतो आणि चौथीत घरी आणतो.

आता खरी बातमी. तू परत येशील त्या रविवारसाठी नवे गीत तयार होत आहे! आभारगीत आहे. तिसरी ओळ अशी: 'बांधला होता गळा हा, तू मोकळा केलास'. ही ओळ फक्त तुझ्यासाठी मोकळी ठेवणार आहे. गायकवृंद गप्प बसेल आणि तू एकटी गाशील. आधी मिळणे आणि मग आभार मानणे हा व्यवहार झाला. विश्वासाचा क्रम याच्या उलट असतो, असे मला या दिवसांत फार तीव्रतेने वाटते आहे.

ऑपरेशनचे कुणाला सांगू नकोस, असे तू बजावले होतेस. मी कुणालाही सांगितलेले नाही. फक्त पाळकसाहेबांना सांगितले, तेही प्रार्थनेसाठी. त्यांनी महिला मंडळाला प्रार्थनेचा विषय म्हणून दिले. महिला मंडळाने गायकवृंदाला दिले. परवा बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीपाशी एक अनोळखी गृहस्थ मला म्हणाले, "ताईंच्या घशासाठी आम्ही घरी रोज प्रार्थना करतो हो." ही बातमी पसरणे नव्हे, प्रार्थना वाढणे आहे, हा फरक तू मान्य करशील.

स्थानकावर तुझ्या जागी ध्वनिमुद्रित उद्घोषणा लावल्या आहेत. ती मुद्रित बाई फलाट सांगते, पण गाडी उशिरा असली तर तिला त्याचे काही वाटत नाही. लोक वर भोंग्याकडे बघून भांडतात.

तुझा,
मास्तर

१६ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

तुझ्या शेजारच्या बाईंचा मावशीला फोन आला. प्रथम त्यांनी आपल्या धाकट्या सुनेविषयी सांगितले, आणि मग तुझ्याविषयी. गाठ अपेक्षेपेक्षा खोल होती, एका स्वरतंतूचा भाग काढावा लागला, बाकी प्रकृतीला धोका नाही, आवाज जो काही येईल तो हळूहळू येईल. 'जो काही' हे शब्द मावशीने दोनदा विचारून घेतले.

त्याच दिवशी तुझी चिठ्ठी आली. तीन वाक्ये: "गाणं गाऊ नका. आभार मानायचे की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. मला विचारल्याशिवाय कुणी ठरवू नये."

ताई, मी तुझ्या चिठ्ठीचा शांतपणे विचार केला, आणि माझे म्हणणे क्रमाने मांडतो. हे गीत आता माझे एकट्याचे राहिलेले नाही. गायकवृंदाला ते पाठ आहे. आजारी माणसे निरोप पाठवतात, की तुमच्या बहिणीचे गीत ऐकायला आम्हाला खुर्चीतून घेऊन जा. शिवाय ऐन वेळी गीत मागे घेणे म्हणजे काय घडले आहे याची जाहीर कबुलीच होईल. आणि घडले आहे काय? काहीच अजून पुरते घडलेले नाही. डॉक्टरांनी 'हळूहळू' म्हटले आहे, 'नाही' म्हटलेले नाही. तुझी बरे होण्याची वेळ आणि आमची गाण्याची वेळ यांत थोडे अंतर पडते आहे, इतकेच. आम्ही विश्वासाने पुढे उभे राहतो, तू मागून येऊन आम्हाला गाठ.

चाल मी उतरवलेली नाही. काळी चारच ठेवली आहे, तुझी पट्टी. खाली उतरवणे म्हणजे मीच हार मानल्यासारखे होईल.

मावशी म्हणते, "तिनं नको म्हटलंय ना?" मी तिला वरील सर्व समजावून सांगितले. ती म्हणाली, "तुझं समजावणं कधी चुकत नाही रे, मास्तर. तेच तर भ्या वाटतं."

कधी येणार ते कळव. मी स्थानकावर येईन.

मास्तर

३ मार्च

ताई,

तू न कळवता आलीस. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, सुरुवात म्हणून लिहितो.

मी पेटीवर होतो, त्यामुळे माझी पाठ बाकांकडे होती. तू सकाळच्या गाडीने येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलीस, गळ्याला रुमाल होता, मांडीवर पिशवी होती, हे मला नंतर मावशीने सांगितले. मला फक्त पाळकसाहेबांचा आवाज ऐकू आला: "आपली बहीण आपल्यात परत आलेली आहे!" आणि सगळे बाक एकदम करकरले, कारण सगळी माणसे एकदम मागे वळली. मी वळून पाहिले तेव्हा तू जमिनीकडे पाहत होतीस.

तेव्हा मी थांबू शकलो असतो. मी वस्तुस्थिती लिहितो आहे: माझे हात पट्ट्यांवर होते आणि अद्याप एकही सूर वाजलेला नव्हता.

पहिल्या दोन ओळी उत्तम झाल्या. तिसऱ्या ओळीला ठरल्याप्रमाणे गायकवृंद गप्प झाला. मी सूर धरून ठेवला आणि तुझ्या दिशेने हात केला. काय होईल असे मला वाटत होते, याचे उत्तर मी गेले काही दिवस शोधतो आहे. मला खरोखर वाटत होते, की तू तोंड उघडशील आणि आवाज येईल. पायट्यांचा खटखट आवाज तेवढा येत राहिला. मग तू उठलीस. एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "उठली, उठली!" आणि माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा.

तू पिशवी उचललीस आणि दार उघडून गेलीस.

तेवढ्यात गायकवृंदाच्या मागच्या रांगेतले आपले ढगोबा. त्यांचा ओळींचा हिशोब कधीच जुळलेला नाही. तिसरी ओळ झाली असे समजून त्या भरगच्च शांततेत त्यांनी एकट्यानेच आपल्या गडगडाटी आवाजात चौथी ओळ उचलली, आणि 'धन्य तू' हे शब्द बंद होणाऱ्या दारावर जाऊन आदळले. कुणी हसले नाही. हसले असते तर मला बरे वाटले असते.

मी धावत स्थानकावर आलो. मुद्रित बाई फलाट सांगत होती. तुझी गाडी गेली होती.

तू आपणहून मार्गाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या आगारात पार्सल विभागात बदली मागून घेतलीस, हे मला स्थानकप्रमुखांकडून कळले. पत्ता त्यांनीच दिला. मी हे सगळे असे क्रमवार लिहितो आहे, कारण क्रम सोडला तर मी काय लिहून बसेन याची मला खात्री नाही.

मास्तर

२० मार्च

ताई,

तुझे उत्तर नाही. मी तरीही लिहितो.

घरात एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्यावर आकृती काढतो आणि बिंदूंना नावे द्यायची विसरतो. मुले एकमेकांकडे बघतात. पेटी उघडतो, दोन ओळी होतात, तिसरीकडे वळलो की बोटे आपोआप वर सरकतात आणि मी झाकण लावून अंगणात येतो. अंगणातून पुन्हा आत जातो. मावशी म्हणते, "अरे, उंबरा झिजेल."

या येरझाऱ्यांत मी तिच्याशी एकदा भांडलो. म्हणालो, "मी जे केलं ते विश्वासानं केलं ना?"

ती शिलाई यंत्रावर होती. चाक हाताने थांबवून म्हणाली, "विश्वास तुझा होता. गळा तिचा होता."

मग तिने चाक सोडून दिले आणि शिवण पुढे चालू केले. या वाक्याचा प्रतिवाद मी शोधतो आहे.

ढगोबांकडे दाढ दाखवायला गेलो होतो. आपले ढगोबा गात नसतात तेव्हा किती हलक्या हाताचे दंतवैद्य आहेत, हे तू जाणतेसच. माझे तोंड कापसाने भरलेले असताना, म्हणजे मला उत्तर देता येणार नाही अशी खात्री झाल्यावर, ते म्हणाले, "मास्तर, एक सांगू? रागावणार नसाल तर. त्या दिवशी मी चुकलो, त्याला कारण आहे. तुमच्या गाण्यांतली तिसरी ओळ मी कधीच गायलेली नाही. नुसतं तोंड हलवतो. अख्खा दिवस लोकांना 'आ करा, आ करा' करतो, आणि तिथे आपण स्वतः नुसताच आ करतो. मी एकटा नाही हो. आमची अख्खी मागची रांग. तिथवर पोचतो कोण? तुमच्या ताई पोचायच्या, आम्ही ऐकायचो. मजा यायची."

कापूस निघाल्यावर मी विचारले, "कधीपासून?"

"तुम्ही गाणी लिहायला लागल्यापासून."

घरी येऊन मी माझी सगळी गीते वाजवून पाहिली. ढगोबा खरे बोलत होते. विषय कुठलाही असो, दुःखाचा, क्षमेचा, पेरणीचा, तिसरी ओळ एकाच सुरावर जाऊन पोचते, आणि तो सूर तुझा आहे. मी मंडळीसाठी एकही गीत लिहिलेले नाही, ताई. टेबलाखालून जे ऐकले तेच पुन्हा पुन्हा घडवण्याचा प्रयत्न मी करत आलो.

आणि त्या आभारगीताविषयी. काल एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासत होतो. दोन बाजू समान आहेत हे त्याला सिद्ध करायचे होते, आणि त्याने पहिल्याच ओळीत लिहिले होते, 'या दोन बाजू समान आहेत, म्हणून...' पुढची सगळी मांडणी सुबक, अक्षर सुंदर, शेवटी ठळक रेघ. मी समासात नेहमीप्रमाणे लाल शाईने लिहिले: साध्य गृहीत धरले आहे. लिहिल्यावर पेनचे टोपण मला बराच वेळ लावता आले नाही.

याच्या पुढे काय लिहावे ते मला माहीत नाही. मी समजावून सांगू शकेन असे माझ्याजवळ काही उरलेले नाही, म्हणून विचारतो. तुझा आवाज आता कसा आहे? बरा की वाईट असे नव्हे. कुठून कुठपर्यंत आहे?

मास्तर

८ एप्रिल

प्रिय ताईस,

तुझे पत्र! मावशीने ते आधी हिसकावून घेतले, चष्म्याशिवाय उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "अक्षरावरून जेवते आहे वाटतं."

तुझी वाक्ये मी इथे पुन्हा लिहितो, कारण पुढचे बोलणे त्यांवर उभे आहे. तू लिहिलेस:

"मास्तर, माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर तिलाही चाल लावली असतीस. इथं मी पार्सलांना चिकटपट्ट्या लावते. पार्सलांना आवाज लागत नाही. पहिले काही दिवस लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, मी बहिरी असल्यासारखे. आता ओरडत नाहीत. रविवारी मी कुठं जात नाही, आणि मला ने म्हणून कुणाला सांगू नकोस. देवाचं विचारशील तर मी दार लावून घेतलंय. आत बसलेय. त्याला थांबायचं असेल तर बाहेर थांबू दे. आवाजाचं तू विचारलंस, ते लिहून सांगता येत नाही. आणि मी सांगेनच असंही नाही."

हे मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. ताई, यातल्या एका वाक्याने मला झोपू दिलेले नाही: 'त्याला थांबायचं असेल तर बाहेर थांबू दे.' ज्याच्यावर दार लावून घेतले, त्यालाच थांबायला सांगणे. मला ठाऊक असलेल्या कुठल्याही प्रार्थनेपेक्षा हे मला अधिक खरे वाटले. आणि त्याच्या दोन ओळी माझ्या हातून होऊन गेल्या:

'दार लोटून घेतले मी, बाहेर थांबशील का?
बोलणार नाही आज मी, तरी थांबशील का?'

पुढे गेलो नाही. तिसरी ओळ नाही, चालही नाही. नुसते शब्द आहेत, आणि तेही तुझे. म्हणून विचारतो, आणि या वेळी आधी विचारतो: हे मी वापरू का? 'नको' म्हणालीस तर हा कागद फाडीन आणि याविषयी कुणाशी बोलणार नाही. प्रार्थनेसाठीसुद्धा नाही.

तुझा,
मास्तर

१७ एप्रिल

प्रिय ताईस,

तुझा फोन झाल्यापासून मी पुन्हा घरभर हिंडतो आहे, पण हे हिंडणे वेगळे आहे.

मला आधी एक सांगायचे आहे. शाळेच्या कार्यालयात मी फोन कानाला लावला आणि पलीकडून आवाज आला, तेव्हा मी "कोण बोलतंय?" असे विचारले. तू म्हणालीस, "तुमचं पार्सल आलंय, मास्तर. फुटकं आहे, चालेल का?" मी तुझा आवाज ओळखला नाही. अख्खे गाव ज्या आवाजावर गाड्या पकडायचे तो मी ओळखला नाही. तू हसलीस म्हणून मी हसलो, पण फोन ठेवल्यावर मुख्याध्यापकांनी मला बसायला खुर्ची दिली.

मग तू गुणगुणलीस. खालून सुरू केलेस, पुरुषाने सुरू करावे इतके खालून, आणि एकेक सूर चढत मध्यमापर्यंत आलीस. तिथे म्हणालीस, "बस. याच्या वर नुसती हवा." मोजकेच सूर आहेत. पण ताई, ते खरखरीत असले तरी सच्चे आहेत, एकही हललेला नाही. प्रत्येक सुराला मी टेबलावर बोट ठेवत होतो, पेटीवर ठेवावे तसे.

"वापर," तू म्हणालीस, "पण शेवटी त्याला आत घेऊ नकोस. मी अजून उघडलेलं नाही." आणि मग: "आणि पहिल्या ओळीत 'मी'नंतर श्वासाला जागा ठेव रे, गाढवा. सगळ्यांचा दम तुझ्या भात्यासारखा नसतो."

जागा ठेवली आहे. चाल त्या तेवढ्याच सुरांत बसवली. तिसरी ओळ वर जात नाही. ती पहिल्या ओळीच्या शेजारीच बसते. हे करणे मला अतिशय जड गेले, कारण माझी बोटे अजूनही वर धावतात.

काल पाळकसाहेबांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, "सुरेख आहे. पण शेवटी एक कडवं आशेचं घाल ना. दार उघडलं, प्रकाश आला, असं काहीतरी. लोकांना घरी काय घेऊन पाठवायचं?"

मी म्हणालो, "ते अजून सिद्ध झालेलं नाही, साहेब."

"अरे, पण तुला ठाऊक आहे ना शेवट काय आहे तो?"

"मला ठाऊक आहे. पण गाणाऱ्याला नाही."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. येत्या रविवारी, २० तारखेला गाऊ, म्हणाले. गीत कुणाचे, शब्द कुठून आले, हे त्यांनी विचारले. मी 'एका ओळखीच्या व्यक्तीचे' इतकेच सांगितले. तू ये असे मी म्हणत नाही. तारीख मात्र लिहिली आहे.

मास्तर

२१ एप्रिल

प्रिय ताईस,

कालचे लिहितो. पायरीपायरीने लिहितो, पण शेवटच्या पायरीवर मी अडकलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

उपासना सुरू होण्याआधी मी ठरवले होते, की मागे वळून पाहायचे नाही. पाळकसाहेबांनी गीताची सूचना दिली, कुणाचे नाव घेतले नाही, कुणाचे स्वागत केले नाही. बाक करकरले नाहीत. मी पहिली ओळ एकदा वाजवून दाखवली आणि मंडळी उभी राहिली.

ताई, त्यांना ते शिकवावे लागले नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे गात होते. सगळे म्हणजे काय ते सांगतो, कारण आजवर हा शब्द मी बेफिकीरपणे वापरत आलो. खुर्चीवरून आणलेले आजोबा गात होते. जन्मात सुरात न आलेल्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई गात होत्या, आणि सुरात होत्या, कारण बेसूर व्हायला जायचे कुठे? ढगोबांची अख्खी रांग आवाजासकट गात होती. आणि तू सांगितलेल्या जागी, 'मी'नंतर, सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. तो मला पाठीवर जाणवला. इतकी माणसे एका वेळी श्वास घेतात तेव्हा त्याचा आवाज होतो, हे मला एवढी वर्षे पेटीवर बसून माहीत नव्हते. कारण आजवर तिथे ती माणसे नुसती ऐकत उभी असत.

शेवटी कुणी 'आमेन' म्हटले नाही. प्रश्नावर गीत संपले, आणि लोक तसेच उभे राहिले. मग मी वळलो.

तू शेवटच्या बाकापाशी, मावशीच्या शेजारी उभी होतीस. गळ्याला रुमाल नव्हता. तू माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्यास. लहानपणी मी बरोबर भाता मारला की उंचावायचीस तशा. नंतर अंगणात तू मावशीने दिलेला डबा घेतलास, "पाणी पाजलंस का रे त्या पेटीला, कोरडी वाजते," असे मला ऐकवलेस आणि दुपारच्या गाडीने गेलीस. आपले बोलणे झाले ते इतकेच, आणि मला ते भरपूर आहे.

आता अडकलो ते सांगतो. तू गायलीस का?

मला कळले नाही. मी गाण्याभर कान मागे लावून होतो. इतक्या आवाजांत तुझा आवाज आहे की नाही, हे मला शोधता आले नाही. पूर्वी शंभर आवाजांतून तुझा एक वर निघे आणि मला पाहावेही लागत नसे. आता तुझे सूर तेच आहेत जे ढगोबांचे, अध्यक्षबाईंचे आणि आजोबांचे. आणि गीत मीच असे बांधले आहे, की कुणा एकाचा आवाज त्यातून वर निघूच नये. मावशीला विचारले, तर ती म्हणाली, "मी गात होते. मला काय विचारतोस?" तुला विचारणे सर्वांत सोपे आहे. पण गायली नसशील, तर माझा प्रश्न म्हणजे पुन्हा तुझ्या दिशेने केलेला तोच हात होईल. आणि गायली असशील, तर ते तू मला ऐकवायला गायलेली नसशील. म्हणून विचारत नाही. तू या पत्राला उत्तर दिलेस तरी त्या प्रश्नाचे देऊ नकोस.

पुढच्या रविवारी मंडळीने तेच गीत पुन्हा मागितले आहे. तू येशील की नाही, ते तुझे तू ठरव.

मी फक्त पेटीचा आवाज थोडा खाली ठेवणार आहे.

तुझा,
मास्तर